बावट्यांच्या आत

कुत्रा बेइमान निघाला, असं त्या दिवशी जो तो म्हणत होता.

आमच्या घरमालक काकांची तिरडी उचलली, चार पावलं अंगणातून गेली, आणि फाटकाशी पोचते न पोचते तोच त्यांचा कुत्रा मेजर धावत आला. मागे जाणं राहिलं बाजूला, तो खांदेकऱ्यांच्याच अंगावर गेला. पालघरहून आलेला पुतण्या पुढे होता, त्याचा कोरा लेंगा त्याने दातांत धरला आणि मागे ओढायला लागला. तिरडी हेलकावली. बायका किंचाळल्या. पुतण्याने अशी लाथ घातली की ते म्हातारं कुत्रं कोलमडून तुळशीपाशी जाऊन पडलं. मग सगळे फाटकाबाहेर पडले, रस्त्याला लागले, आणि मेजर उठून लंगडत फाटकापर्यंत आला आणि तिथेच बसला. एक पाय बाहेर टाकला नाही त्याने.

"बघा, खाल्ल्या मिठाला जागलं नाही," शेजारच्या बाई म्हणाल्या. "पंधरा वर्षं खाऊ घातलं त्याला, आणि साधं शेवटचं पोचवायलाही गेलं नाही मेलं."

"अहो, मारू नका हो त्याला, तो काय करतोय ते..." एवढं मी ओरडले होते. पण रडारडीत भाडेकरू बाईचं कोण ऐकतो? तेव्हापासून ते माझ्या डोक्यात धुमसतंय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. त्या कुत्र्याच्या नावाला लागलेला बट्टा पुसायचा तर काकांबद्दल बोलावंच लागेल, आणि खरं सांगायचं तर मला बोलायची खाजही आहे.

मी मूळची दातिवऱ्याची. बाबांची होडी होती. बोईसरला शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हा रोज गावाहून येणं शक्य नव्हतं, म्हणून तारापूर रस्त्यावरच्या एका बंगलीच्या मागची खोली भाड्याने घेतली. बंगली म्हणजे बैठं कौलारू घर, पुढे मोठं आवार, आवाराला तीन बाजूंनी मेंदी आणि चौथ्या बाजूला रस्ता. घरात एकटे काका. बायको गेलेली, मुलगा अमेरिकेत. काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, आणि तिथे आयुष्यभर तारा जोडून त्यांचं पोट भरलं नव्हतं की काय कोण जाणे, घरी येऊन पुन्हा तारा जोडायचे.

त्या घरात साधी वस्तू अशी नव्हतीच. फाटक उघडलं की माजघरात घंटा वाजायची. टाकी भरली की एक भोंगा केकाटायचा, तोही टाकी भरायच्या आधी नाहीतर वाहून गेल्यावर. माझ्या खोलीच्या मीटरला त्यांनी कसलंसं यंत्र लावलं होतं, मी इस्त्री लावली की खोलीतला दिवा लुकलुकायला लागायचा. का, तर भाडेकरूला "जाणीव" व्हावी. मी एकदा भडकून विचारलं, "काका, मी इस्त्री नाही केली तर शाळेत काय चुरगळलेली साडी नेसून जाऊ?" तर स्क्रू पिळता पिळता म्हणाले, "प्रयोग चालू आहे बाई, मध्ये बोलू नका."

हे त्यांचं पेटंट वाक्य. दुसरं वाक्य, "यंत्र खोटं बोलत नाही." आणि तिसरं, काहीही बिघडलं की, "बोईसरचं व्होल्टेज!" दूध उतू गेलं तरी व्होल्टेज. पोस्टमन उशिरा आला तरी व्होल्टेज. हसायचीही सोय नव्हती. हसलं की ते त्या व्होल्टेजबद्दल पाऊण तास समजावून सांगायचे.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. जे काही करतील ते आधी स्वतःवर. सेलमध्ये जीव आहे की नाही ते जिभेला लावून बघायचे. उघड्या वायरला बोटाची पाठ लावून "आहे, आहे" म्हणायचे. अंगठ्याची नखं कायम जळलेली. चहाचा कप मात्र सोलापुरी चादरीने धरायचे, कारण तो भाजतो म्हणे. असा सगळा कारभार.

मेजर त्यांचा, पण खरं तर तो आमचा तिघांचा होता. काकांचा, माझा आणि हिराबायचा. हिराबाय मुरबे गावची कोळीण. सकाळच्या एस.टी.ने डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बोईसरला यायची, आणि बाजारात बसायच्या आधी आमच्या रस्त्याला दोन-चार गिऱ्हाइकं करायची. मेजरला तिने नाव दिलं होतं बोंबल्या. बोंबील हा त्याचा जीव की प्राण. एस.टी.चा हॉर्न ऐकला की हा सुसाट. थांब्यावर जाऊन तिला घेऊन यायचा, पाटीच्या पुढे पुढे चालत, रस्त्यावरच्या बाकीच्या कुत्र्यांवर गुरगुरत. राजाचा चोपदारही इतक्या तोऱ्यात चालत नसेल.

"काय गो बाय, बघ, माजा पोलीस आला," हिराबाय पाटी उतरवता उतरवता म्हणायची. "माज्या घोवानं कदी मला गाडीवरून आनली नाय. ह्यो रोज आनतो."

मग मी मासे घ्यायची, मागच्या मोरीपाशी साफ करायची, आणि डोकी मेजरला. काका शाकाहारी. ते खिडकी लावून घ्यायचे, पण कुत्र्याला कधी काही बोलले नाहीत. आधी त्यांचा एक कुत्रा होता, तो ह्याच रस्त्यावर केमिकलच्या टँकरखाली गेला. त्याचा पट्टा अजून माजघरात खिळ्याला अडकवलेला होता. मेजर रस्त्यावर धावला की काका खिडकीत येऊन उभे राहायचे आणि तो परत येईपर्यंत हलायचे नाहीत. हे मी पाहिलेलं आहे, म्हणून लिहितेय. भीती होती त्यांना. माझं म्हणणं एवढंच, की भीती तुमची, तर ती तुम्ही भोगा ना! दुसऱ्याच्या गळ्यात का बांधता?

गळ्यातच बांधली.

अमेरिकेहून मुलाने खोकं पाठवलं. आत एक पेटी, वायरचं भेंडोळं, एक जाड काळा पट्टा, मूठभर प्लॅस्टिकच्या झेंड्या आणि एक पुस्तक. काका लहान मुलासारखे हरखले होते. मला हाक मारून बोलावलं आणि दाखवलं. वायर आवाराभोवती जमिनीत पुरायची. पेटीतून त्या वायरीत सिग्नल सोडायचा. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात. कुत्रा वायरीजवळ गेला की पट्टा आधी शिट्टी वाजवणार, तरी पुढे गेला की झटका देणार. झेंड्या वायरीच्या कडेने रोवायच्या, म्हणजे हद्द कुठे आहे ते कुत्र्याला दिसतं.

"झटका?" मी म्हटलं.

"मुंगी चावल्यासारखा." त्यांनी पट्टा मनगटाला लावला, वायरीजवळ नेला, हात किंचित उडाला. "बघा. काही नाही. यंत्र खोटं बोलत नाही."

त्या मनगटाच्या परीक्षेवर पुढचं सगळं उभं राहिलं, म्हणून ती ध्यानात ठेवा.

आता बोईसरचं व्होल्टेज खरोखरच आडवं आलं. अमेरिकेतली ती पेटी आपल्या विजेवर एक दिवस चालली आणि दुसऱ्या दिवशी धूर सोडून गप्प झाली. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. काकांनी स्वतःची पेटी बनवली, वर लाईट गेली तरी चालावी म्हणून तिला मोटारीची बॅटरी जोडली. मग पट्ट्यातला इवलासा सेल संपला. तसला सेल बोईसरात नाही, पालघरात नाही, मुंबईला माणूस पाठवला तिथेही नाही. तर काकांनी पट्ट्याला डबी शिवली आणि तिच्यात आपले इथले, मोठे सेल घातले. दोन. झटका त्यामुळे वाढला की कसा, ते पुन्हा मनगटाला लावून बघितलं का? नाही बघितलं! जिभेला सेल लावणारा माणूस, पण ह्या वेळी नाही. कारण परीक्षा झाली होती ना एकदा.

आणि झेंड्या कमी पडल्या. अमेरिकेतलं अंगण छोटं असावं. काकांनी हिराबायला सांगितलं, "तुमच्याकडे जाळ्यांचे बावटे असतात ना, जुने असले तर आणा." तिने आणले. आनंदाने आणले. पाटीच्या तळाशी घालून फाटक्या लाल बावट्यांची चळतच्या चळत. तिला वाटलं, काका बागेत काहीतरी शोभेचं करतायत, सत्यनारायण वगैरे असेल.

बावटा म्हणजे काय, ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. समुद्रात जाळं टाकलं की त्याच्या तरंगत्या बोयाला बांबू आणि बांबूच्या टोकाला बावटा. लाटांमध्ये जाळं दिसत नाही, बावटा दिसतो. बाबा पहाटे जाळं टाकून यायचे आणि दुसऱ्या खेपेला होडीत उभे राहून डोळ्यांवर हात धरून बावटा शोधायचे. दिसला की मोठ्याने हाक द्यायचे, "तो बघ आपला!" बावटा म्हणजे इथे ये. इथे तुझं आहे. आणि काकांनी त्याच बावट्यांचा अर्थ त्या मुक्या जिवाला उलटा शिकवला.

शिकवणी रोज संध्याकाळी. मी शाळेतून येऊन चहा टाकायची आणि आवारातून ते केकाटणं यायचं. काका मेजरला दोरीने धरून बावट्यांपाशी न्यायचे. शिट्टी वाजायची. त्याला काय कळणार शिट्टी? तो शेपूट हलवत पुढे, आणि मग असा ओरडायचा की माझ्या हातातली गाळणी पडायची. पहिल्या दिवशी तो हवेत उडून पाठीवर पडला. उठून धावला तो नेमका बाहेरच्या बाजूला, पुन्हा झटका. आत-बाहेर काही कळेना त्याला.

मी धावत गेले. "काका, पुस्तकात काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"पुस्तक अमेरिकन कुत्र्यासाठी आहे. आपली कुत्री हट्टी असतात."

मी पुस्तक त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि तिथेच उभी राहून वाचलं. मास्तरीण आहे, इंग्रजी येतं. आधी कित्येक दिवस नुसती शिट्टी. शिट्टी वाजली की कुत्र्याला हळूच मागे न्या, खाऊ द्या, थोपटा. झटका सगळ्यात शेवटी, आणि तोही अगदी हलका. स्वच्छ लिहिलं होतं, चित्रं काढून. एक गोरी बाई कुत्र्याला बिस्किट देतेय.

"हे बघा, बिस्किट! कुठे आहे बिस्किट?" मी म्हणाले.

"बाई, तुम्ही पोरांना छडी मारत नाही?"

"पाढा शिकवायच्या आधी मारत नाही!"

"प्रयोग चालू आहे," काका म्हणाले, आणि दोरी पुन्हा ओढली.

मी त्या दिवशी भांडले, दुसऱ्या दिवशी भांडले, तिसऱ्या दिवशी खोली सोडते म्हणाले. सोडून कुठे जाणार होते? बोईसरात एकट्या बाईला खोली मिळवताना नाकी नऊ येतात, आणि काकांना ते ठाऊक होतं. आठवड्याभरात मेजर शिकला. शिकला म्हणजे काय, तर बावट्यांपासून पाच हात आत बसायला लागला. एस.टी.चा हॉर्न वाजला की उठायचा, धावायचा, आणि मध्येच कुणीतरी मानेला धरल्यासारखा थांबायचा. तिथून थरथरत बघायचा.

तो थांब्यावर गेला नाही त्या पहिल्या सकाळी हिराबाय एकटी चालत आली. फाटकाबाहेर उभी राहून हाका मारल्या, "बोंबल्या! ए बोंबल्या! रुसला काय रं?" तो रडल्यासारखा आवाज काढायला लागला, पण जागचा हलेना. तिने बोंबलाचं डोकं काढून फेकलं. ते बावट्यांच्या बाहेर पडलं. तो बघत राहिला, तोंडातून लाळ गळत होती, आणि कावळ्याने त्याच्या डोळ्यांदेखत ते उचललं.

तिने मला विचारलं, मी सांगितलं. पाटी रस्त्यावर ठेवून ती बाई मटकन खालीच बसली. "आमच्या बावट्यांनी? माज्या हातानं आनलं गो मी ते. माज्या हातानं!" मग उठली आणि काकांच्या खिडकीकडे बघून असं काही बोलली की ते इथे लिहिता येणार नाही. खिडकी बंद होती. मासे आले की बंदच असायची.

पण ह्याहून वाईट पुढे आहे. माझं रक्त अजून ज्याने उकळतं ते हे.

काकांना आपलं यश दाखवायची हौस होती. कुणीही आलं, टेलिफोन खात्यातला जुना सोबती, औषधाच्या कारखान्यातला कुणी साहेब, की काका त्याला घेऊन फाटकाबाहेर उभे राहायचे. हातात बिस्किट धरायचे. आणि गोड आवाजात, अगदी लाडाने, हाक मारायचे, "ये मेजर! ये बाळा, ये!" मालकाची हाक! तो उठायचा, दोन पावलं यायचा, काकांकडे बघायचा, बावट्यांकडे बघायचा, आणि खाली बसायचा. पाहुणे टाळ्या वाजवायचे. मग काका आत येऊन ते बिस्किट त्याला द्यायचे. बिस्किट कशाबद्दल मिळतंय, हे त्याला बरोबर कळलं. बाहेरून मालकाने कितीही प्रेमाने बोलावलं तरी जायचं नाही. जायचं नाही, तेच मालकाला आवडतं.

असं वर्षभर चाललं.

मग एका रविवारी दुपारी औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्यात वायू सुटला. मी जेवून पडले होते. आधी घशाला खवखव, मग डोळ्यांत चटके, आणि लांबवर भोंगा वाजायला लागला, थांबेचना. रस्त्याने माणसं पळत सुटली होती, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. कारखान्यातले कामगार ओरडत होते, "स्टेशन की तरफ भागो! मुँह पे गीला कपडा रखो!" लाईट गेली होती. मी पदर भिजवून तोंडाला लावला आणि बाहेर आले, तर काका फाटकाबाहेर उभे. ओला पंचा तोंडाला, डोळे लालबुंद, आणि हाक मारतायत.

"ये मेजर! ये बाळा, ये!"

तेच शब्द. तोच लाडका आवाज. आणि तो आत, बावट्यांपासून पाच हातांवर, शहाण्या मुलासारखा बसलेला. डोळ्यांतून पाणी वाहतंय, शिंकतोय, आणि शेपूट हलवतोय. बिस्किटाची वाट बघतोय तो!

"अहो, पट्टा काढा त्याचा!" मी ओरडले.

काका आत धावले. पट्टा काढून भिरकावला. मग ओढायला लागले. मी मागून ढकलत होते. त्याने चारी पाय मातीत रोवले. बावट्यांजवळ येताच तो मेलेल्या म्हशीसारखा आडवा झाला, आणि उचलायला गेलो तर आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताला दात लावले त्याने. काका खोकून खोकून वाकले. जीपवरून कुणीतरी कर्ण्यात ओरडत होतं, निघा, निघा. आम्ही निघालो. दोघंही पळालो, आणि त्याबद्दल मी कुणाची क्षमा मागणार नाही. जीव कुणाला नको असतो? पण वळणावरून मी मागे बघितलं. तो तसाच बसला होता, आमच्याकडे बघत, मान ताठ. शिकवल्याप्रमाणे.

संध्याकाळी सोडलं आम्हाला परत. वारा फिरला होता म्हणून, नाहीतर आवारात त्याचं मढंच मिळालं असतं. जिथे सोडला तिथेच पडलेला होता, तोंडाला फेस, डोळे सुजून बंद. रात्रभर काका त्याच्या डोळ्यांवर पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसले. चार दिवसांनी तो उठला. उजवा डोळा मात्र गेला, त्यात दुधासारखं पांढरं राहिलं.

तो उठून चालायला लागला त्या सकाळी हिराबाय आली होती. ती फाटकाबाहेर, मी आवारात. काका ओट्यावर पट्टा हातात घेऊन बसले होते, त्याची डबी पुसत. पुसत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"परत बांधताय?"

"नाही हो," काका म्हणाले. "बघतोय फक्त. मला कळत नाही. एवढासा तर झटका. मुंगी चावल्यासारखा. त्याला पट्टा काढलेला कळायला हवा होता."

"मुंगी?" मी म्हणाले. "मुंगी ना? मग घाला एकदा स्वतःच्या गळ्यात! मनगटाला काय लावता, गळ्यात घाला, आणि जा त्या बावट्यांवरून! तुमचं यंत्र खोटं बोलत नाही ना? मग विचारा त्याला!"

काकांनी डबी पुसायचं थांबवलं. मग उठले. मला वाटलं आत जातील, खिडकी लावतील. त्यांनी पट्टा गळ्याला गुंडाळला, मागे हात नेऊन बक्कल लावली. एवढा मोठा माणूस, पांढरी दाढी त्या पट्ट्यावर टेकलेली. पायांत चपला घातल्या आणि चालत फाटकाकडे निघाले.

"काका, राहू द्या," मी म्हणाले. बोलून गेले होते, आता घाबरले. पेटीला मोटारीची बॅटरी होती, ती चालूच होती, कुणी बंद केली नव्हती.

शिट्टी वाजली. ती ऐकून मेजर कुठल्या कोपऱ्यातून उठून उभा राहिला. काका बावट्यांवर पोचले, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी अजून विसरले नाही. तो माणसाचा नव्हता. तो रोज संध्याकाळी आवारातून येणारा आवाज होता. गुडघे मोडले, ते चारी हातापायांवर पडले, बरोबर वायरीवर, आणि पट्टा थांबेना. हात मानेकडे नेतायत, बक्कल सापडत नाही. हिराबाय किंचाळली, "मेला गो, मेला तो!" मी धावले, पण माझ्याआधी मेजर पोचला.

ज्या बावट्यांच्या पाच हात जवळ तो मरणाच्या दारातही गेला नव्हता, तिथे तो धावत गेला. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, पण ते त्याला कुठे ठाऊक होतं? शिट्टी वाजत होती, आता झटका बसणार, हे धरूनच तो गेला. कान पाडलेले, अंग थरथरतंय, एका डोळ्याने बघतोय. त्याने काकांचा लेंगा दातांत धरला आणि मागे ओढायला लागला. आत. घराकडे. लेंगा टराटरा फाटला, तर त्याने सदरा धरला. ओढत ओढत त्याने त्यांना पाच हात आत आणलं, आणि शिट्टी थांबली तेव्हाच सोडलं. मग त्यांच्या तोंडावर तोंड घासत राहिला.

काका मातीत बसून रडले. हुंदके देऊन. मी बक्कल काढली तर मानेवर दोन लाल डाग उठले होते. "एवढं असतं?" ते मला विचारत होते. "बाई, एवढं असतं हे?" दया आली का? आली. राग गेला का? अजिबात नाही. त्यांना कळायला स्वतःचा गळा लागला. त्याचा गळा वर्षभर ओरडत होता तेव्हा कान नव्हते का?

त्याच दिवशी त्यांनी कुदळ घेऊन सगळी वायर उपटली. बावटे हिराबायने गोळा केले, एकही ठेवला नाही, पाटीत घालून मुरब्याला परत नेले. काकांनी त्यानंतर कुठल्याही यंत्राला हात लावला नाही. टाकी वाहायची तर वाहायची. मेजरला बाहेर काढायला मात्र त्यांनी काय काय केलं, बोंबील हातात घेऊन फाटकाबाहेर बसायचे, तो शाकाहारी माणूस! हिराबाय बसायची, मी बसायची. तो आतून शेपूट हलवायचा. सगळं उपटलं, पण त्याला कोण सांगणार? मरेपर्यंत तो त्या आवारातून बाहेर पडला नाही. त्याच्या हिशेबी फाटकापाशी मरण होतं, आणि ते तिथेच राहिलं.

आणि त्याच फाटकातून एक दिवस चार माणसं त्याच्या मालकाला आडवं घालून बाहेर न्यायला निघाली.

पुन्हा तेच. लेंगा धरला, मागे ओढलं. ज्याला एकदा ओढून आणलं होतं त्याला पुन्हा ओढून आणायला गेला होता तो म्हातारा, अर्धा आंधळा जीव. आणि ह्यांनी त्याला लाथ घातली, आणि वर बेइमान म्हणाले. हिराबाय त्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे पाटी घेऊन उभी होती. तिने पाटी तशीच खाली ठेवली, तिरडीमागे गेली नाही, सरळ फाटकातून आत आली आणि तिथेच त्याला कुशीत घेऊन बसली.

तो पुतण्या पालघरच्या बाजारात अजून मला भेटतो. नमस्कार करतो. मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते.